कपाळाचा घाम, मांडीचा घाम

मित्रांनो, मानवजातीच्या अपार कष्टांचा मी मूक साक्षीदार आहे. हे कष्ट जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर होतात आणि मग माणूस मला तोंड पुसतो, ही गोष्ट वेगळी.

मी एक जुना टॉवेल आहे. विणला गेलो तेव्हा निळा होतो. आता रंगाबद्दल दुमत आहे. खेळाडूंची तपासणी करणाऱ्या एका खोलीत मी नोकरीला लागलो. तिथल्या मुख्य म्हणजे बाई. त्यांचे मदतनीस काका खेळाडूंच्या अंगावर घाम टिपणाऱ्या पट्ट्या चिकटवत आणि त्यात मीठ किती ते मोजत.

एकदा एक धावपटू आली. सगळे तिला ‘सुसाट’ म्हणत. मागच्या वर्षी लांबच्या शर्यतीत ती शेवटच्या वळणावर चक्कर येऊन बसली होती. यंदा तिला शर्यत पुरी करायचीच होती. पळताना प्यायच्या पाण्यात मीठ किती घालायचं, एवढंच विचारायला ती आली होती.

काकांनी तिच्या कपाळावर एकच पट्टी लावून तिला सायकलवर बसवलं. कपाळ हाताशी असतं, वाकावं लागत नाही. काकांची कंबर धरली होती. मग माझ्यावर वाळलेले पांढरे डाग पाहून ते म्हणाले, “हा बघा पुरावा! ही पोरगी म्हणजे मिठागर आहे.”

माझं एवढं कौतुक आधी कुणी केलं नव्हतं. मी फुशारलो. खरं तर तिच्या मांड्याही मीच पुसल्या होत्या. तिथला घाम बराच अळणी होता. पण टॉवेलला कोण विचारतं?

काकांनी पाणी बनवलं. सुसाटने एक घोट घेतला आणि बेसिन गाठलं.

“काका, समुद्र आटवून आणलात का?”

“गप पी. आकडा खोटं बोलत नाही.”

“आकडा पीत नाहीये, मी पितेय!”

आवाज ऐकून बाई आल्या. “पट्ट्या कुठे कुठे लावल्या?”

“कपाळावर.”

“आणि?”

“कपाळावरच.”

“काका, ती कपाळाने धावणार आहे का?”

दुसऱ्या दिवशी काका कण्हत कण्हत वाकले. कपाळ, छाती, पाठ, हात, मांडी. धावपटू तीच, सायकल तीच, पण मीठ जागोजागी निराळं. कपाळावर भरपूर, मांडीवर पुष्कळ कमी.

“कपाळावर घाम घाईने बाहेर येतो, मग त्यातलं मीठ परत ओढून घ्यायला अंगाला फुरसत मिळत नाही,” बाई म्हणाल्या. “सगळ्या जागा धरून अंदाज बांधायचा.”

पाण्यातलं मीठ उतरलं. सुसाट शर्यतीत बावन्नावी आली, पण स्वतःच्या पायांवर. शेवटच्या रेषेपाशी काकांनी मला डोळे पुसले. तेही खारटच निघाले.

तेव्हा मित्रांनो, एकच जागा तपासून अख्ख्या माणसाबद्दल मत बनवू नका. आणि जमल्यास सुसाटला एवढा निरोप द्या: शर्यतीनंतर तिने मला ओलाच आपल्या बॅगेत कोंबलाय. सोबत मोजे आहेत.