खुंट्यांची फळी आणि बन्सीचा डावा हात

मी एक जुनी खुंट्यांची फळी आहे, मित्रांनो. सागवानी आहे, म्हणून तोरा थोडा जास्तच! भिंगारच्या रंगनाथ सुतारानं मला पन्नास भोकं पाडली आणि त्यांत बसतील अशा पन्नास खुंट्या तासल्या. माणसाची बोटं कशी चालतात, ते माझ्यावर बघायचं.

माझे धनी गोरक्षनाथ सर. सकाळी नगरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि दुपारी मला सायकलला बांधून भिंगारच्या अपंगांच्या केंद्रात यायचे. कुणाला कोणतं काम जमेल ते पारखायचं, खचलेल्याला धीर द्यायचा, हे त्यांचं तिथलं काम. काय दिवस होते ते! संध्याकाळी सर एकेक खुंटी पुसून पिशवीत भरत.

बहात्तर साली श्रीगोंद्याकडचा बन्सी आला. गुऱ्हाळाच्या चरकात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. सातवी पास होता. एका साखर कारखान्यात टेलिफोन जोडून द्यायच्या बोर्डावर माणूस हवा होता. डाव्या हातानं माझ्या खुंट्या बसवल्या, तर ती जागा त्याची. सोबत बायको होती, चांगुणा.

सरांनी घड्याळ लावलं. "बन्सी, करा सुरू."

बन्सी डावा हात मांडीखाली दाबून बसला. एक खुंटी उचलेल तर शपथ! दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी सरांनी कागदावर लिहिलं, 'कामाची इच्छा नाही.' खरं सांगते, मलाही त्याचा रागच आला होता.

तेव्हा दारातून चांगुणा म्हणाली, "सर, तुमच्यासारख्या गुरुजींच्या म्होरं डावा हात कसा करतील ह्ये? घरी त्या हातानं जेवतबी न्हाईत. आठ म्हैनं झालं, मीच भरवतीया."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "एवढी पुस्तकं वाचली मी, आणि हे मला कळू नये?" त्यांनी तो कागद टराटरा फाडला. "चांगुणाबाई, भाकरी आहे का गाठोड्यात?"

तिनं भाकरी बन्सीपुढं ठेवली. सरांनी स्वतःचा डावा हात पुढं केला. "बन्सी, भूक लागलीय मला. द्या एक तुकडा. डाव्या हातानंच."

"सर, पाप लागंल मला!"

"लागू दे. अर्धं माझं."

बन्सीनं मांडीखालचा हात बाहेर काढला. त्यानं तुकडा दिला, सरांनी तो डाव्याच हातानं खाल्ला. मग बन्सीनं स्वतः एक घास घेतला आणि त्याला हुंदकाच फुटला. त्या दुपारी चांगुणा आठ महिन्यांनी नवऱ्याच्या बरोबरीनं जेवली.

मग आली माझी पाळी. सरांनी घड्याळ खिशात टाकलं. पाऊण तास लागला, पण पन्नासच्या पन्नास खुंट्या बसल्या! महिनाभर बन्सीनं माझा पिच्छा सोडला नाही. कारखान्यातली जागा त्यालाच मिळाली.

पुढं दर वर्षी सर मला वर्गात टेबलावर ठेवून आपली ही चूक सांगत. पोरं आधी हसायची, मग कान देऊन ऐकायची. आता सर नाहीत. मी कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलेय, नऊ खुंट्या हरवल्यात. वाईट वाटतं हो.

मला कुणी पुसलं तर बरंच वाटेल, मित्रांनो. पण त्याआधी वर्गात कुणी नुसतंच गप्प बसून असेल, तर त्याला नावं ठेवायची घाई करू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्याच्या डब्यातला एक घास मागून घ्या.