शब्द कळला तरच हात

चाळीस वर्षं मी उदगीरात भोंगे लावले. लग्न, जत्रा, कीर्तन, निवडणुकीचा प्रचार, काय म्हणाल ते. रामलिंग लाउडस्पीकरवाला म्हणलं की अर्धा तालुका अजून ओळखतो. तीन वर्षांखाली माझी बायको मल्लम्मा गेली. मग पोरगा दयानंद म्हणला, बाबा, एकट्यानं काय करता तिथं, या लातूरला. आलो. दुकानाला कुलूप लावलं, भोंगे माळ्यावर टाकले.

आता ह्या दयानंदाला घरात थेटर पायजे. खोली केवढी, तर बारा बाय दहा. खाली स्पीकरचे डबे ठेवले तर माणसानं बसावं कुठं? म्हणून भिंतीला लावायचे चपटे स्पीकर घ्यायचं ठरलं. दयानंद म्हणला, "बाबा, तुम्हीच पसंत करा. तुमच्याइतकं ह्यातलं कुणाला कळतं?"

आरं बापरे! इथंच तर पंचाईत होती. कामून, तर मला ऐकू येत न्हाई. दोन वर्षं होऊन गेली. आवाज येतो, पण शब्द कळत न्हाई. माणसाचं तोंड समोर असलं तर ओठांवरून उमजतं, पाठ फिरली की संपलं. मग काय करायचं? हसायचं आणि 'हाव' म्हणायचं. हाव म्हणलं की माणूस खूश होतो, पुढं काही विचारत न्हाई. दोन वर्षं असंच ढकलून राहिलो. भोंगेवालाच बहिरा! उद्या उदगीरात कळलं तर लोक हसून हसून मरतील. जीव गेला तरी हे कुणाला कळू द्यायचं न्हाई, असं मी पक्कं केलं होतं.

दयानंद कामावर गेल्यावर मी आणि सून ऋतुजा स्कूटीवर दुकानात गेलो. ऋतुजा मला मामा म्हणते. दुकानदार मल्लिनाथ, गोड बोलणारा माणूस. त्यानं भिंतीवरचे स्पीकर दाखवले. बगतो तर काय, जाडी चार बोटांची! मी एक हातात घेतला आणि म्हणलं, "हे काय, पाटी हाय का पोरांची? वजनच न्हाई. वजन न्हाई म्हणजे आत चुंबक न्हाई, चुंबक न्हाई तर दम कुठून येणार?"

मल्लिनाथ हसला. "काका, दमासाठी खाली कोपऱ्यात वेगळा डबा असतो. हे बोलण्यासाठी. आणि कानाच्या उंचीवर लावायचे."

"कानाच्या उंचीवर? अहो, आवाज वरून पडला पायजे! बांबू जितका उंच तितकं लांब जातं."

"काका, ते मैदानात. ही खोली हाय."

मला राग आला. काल आलेला माणूस मला शिकवून राहिला! मी म्हणलं, वाजवून दाखव. त्यानं दोन जोड लावले, गाणं सुरू केलं. मी जाळीवर तळहात ठेवला. भोंगा तपासायची आमची जुनी रीत, थरथर हाताला कळते. मग त्यानं खालच्या बटणाकडं हात नेला आणि विचारलं, "आता हा दुसरा. कसा वाटतो?"

मी डोळे मिटून मान डोलावली. "व्वा! हा खुलला बगा. पहिल्यापेक्षा लाख पटीनं चांगला."

डोळे उघडले तर मल्लिनाथ तोंड वासून बगतोय. त्याचं बोट अजून बटणावर पोचलंच नव्हतं. तांबडा दिवा पहिल्याच जोडीखाली जळत होता. दुसरा जोड मुका होता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. चाळीस वर्षांची इज्जत एका बटणावर गेली. तेवढ्यात ऋतुजा पुढं आली, माझ्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणली, "मलापण तसंच वाटलं, मामा. दुसराच चांगला. आम्ही उद्या सांगतो हो, दादा." आणि मला हाताला धरून बाहेर आणलं.

घरी येऊन मी पिशवी भरली. संध्याकाळी दयानंदला म्हणलं, उद्या दुपारच्या गाडीनं उदगीरला चाललो, इथं करमत न्हाई. खोटं बोललो. करमत होतं. पण रोज हाव हाव करून घरात बसायचं, आणि आता तर सुनेला कळलेलं. कोणत्या तोंडानं राहायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बगतो तर दयानंद घरीच. ऋतुजानं दुकानातून एक चपटा स्पीकर आणला होता, बघायला म्हणून. लांब वायर, छोटा ॲम्प्लिफायर, आणि लग्नात असतो तसला एक माइक. तिनं मला माझ्या खुर्चीत बसवलं, समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणली, "मामा, सासूबाईंनी मला सांगितलं होतं तुमचं. तुम्ही स्टेजवरून बोलायचे आणि त्या मांडवाच्या शेवटच्या टोकाला, चुलवणापाशी उभ्या राहायच्या. काय नियम होता?"

मल्लम्माचा नियम होता तो. लई कडक. नुसता आवाज आला तर हात वर करायचा न्हाई. शब्द कळला तरच हात. तिचा हात वर झाल्याशिवाय मी कधी कुणाचं कार्य सुरू होऊ दिलं न्हाई.

"तोच नियम," ऋतुजा म्हणली. माइक घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं.

दयानंदनं स्पीकर भिंतीला धरला. मी दुकानात म्हणलं होतं तसं, वर छताजवळ. आवाज आला, पण निस्ती गुरगुर. माझा हात सवयीनं उठायला लागला. हाव म्हणायची सवय! मग मल्लम्मा आठवली आणि हात मांडीवर दाबून धरला. दयानंदनं स्पीकर खाली आणला. गुरगुर. आणखी खाली. आता 'मामा' कळलं, पुढचं न्हाई. बरोब्बर माझ्या कानाच्या उंचीला, खुर्चीपासून दोन हातावर आला, आणि शब्द सुटे सुटे झाले.

"...मामा, गणपतीत मी तुम्हाला विचारलं होतं. मी भांडी घासत होते, तुम्ही मागं बसला होतात. म्हणलं, मामा, तुम्ही माझ्याशी बोलत न्हाई, माझं काही चुकलं का? तुम्ही म्हणलात, हाव."

असं काही म्हणल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं.

"मी दोन दिवस रडले, मामा. तिसऱ्या दिवशी मागूनच विचारलं, चहात मीठ टाकू का? तरीबी हाव म्हणलात. तेव्हा कळलं मला. थेटरचं खूळ मीच ह्यांच्या डोक्यात घातलं. म्हणलं, स्पीकर घ्यायच्या निमित्तानं तरी आपल्या तोंडानं सांगतील. आता सांगा, चुकलं का माझं काही?"

हात कधी वर गेला मला कळलंच न्हाई. एक न्हाई, दोन्ही गेले. मी खुर्चीतूनच वरडलो, "न्हाई! न्हाई, पोरी! कशात काही चुकलं न्हाई तुझं!" बिनभोंग्याचा माझा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला असेल. दयानंद स्पीकर धरून तसाच उभा, डोळे पुसायला हात मोकळा न्हाई त्याचा.

ऋतुजा दार उघडून आली. मी तिच्यापुढं हात जोडले. सासऱ्यानं सुनेला हात जोडू नयेत म्हणतात, म्हणू द्या. माझ्या सख्ख्या पोराला दोन वर्षांत कळलं न्हाई ते हिला कळलं, आणि कळूनसुद्धा भर दुकानात हिनं माझी लाज झाकली. मल्लम्मा असती तर हिची दृष्ट काढली असती.

"बाबा, इथंच भोकं पाडू का?" दयानंदनं विचारलं.

"पाड. मल्लिनाथला सांग, काका कबूल झाले म्हणून. आणि ती पिशवी रिकामी कर."

ऋतुजा परत आत गेली. भिंतीवरून तिचा आवाज आला, "मामा, सोमवारी कानाच्या डॉक्टरकडं जायचं. येताल न्हवं?"

मी हाव म्हणलं. ह्या वेळी ऐकून म्हणलं.