कबुतरांचा कोट

ओडिल खुर्चीत बसायच्या आधी जेर्मेनने त्याच्या कोटाचे खांदे झटकले. खांद्यांवर काहीही नव्हतं. कबुतरं विकून सहा वर्षं झाली, तरी बाहेर पडताना नवऱ्याचे खांदे झटकायची तिची खोड काही गेली नव्हती.

"अगं, पुरे. आता पिसं कुठली यायला?"

"सवयच आहे मेली," म्हणत ती भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली आणि रुमालात खोकली. "या दवाखान्यातली हवाच कोरडी."

ओडिलने प्राणवायूचा सिलिंडर पायाशी ओढून घेतला, नाकातली नळी सारखी केली. दरवर्षी पानगळ सुरू झाली की डॉक्टर देप्रेज त्याला या खोलीत बोलवायच्या. शिकाऊ डॉक्टर येत, प्रश्न विचारत, आणि या म्हाताऱ्याची फुप्फुसं वाळक्या स्पंजासारखी कडक कशाने झाली ते शोधू बघत. ओडिलला अट एकच होती. विचारल्याशिवाय कबुतरांचं नाव काढायचं नाही. विचारलं, की मग मात्र त्याला रान मोकळं.

त्यासाठीच तर तो यायचा. घरी ऐकणार कोण? अंगणातलं खुराडं रिकामं, गावातले कबुतरवाले एकेक करून मातीआड गेलेले. गेल्या साली एका पोराने विचारलं होतं, घरात पोपट आहे का? ओडिल म्हणाला, नाही. गेलं बिचारं तसंच, आणि ओडिलचीही गोष्ट पोटातच राहिली.

आज समोर कॅमेरा होता. हे चित्रीकरण देशभरच्या डॉक्टरांना शिकवायला वापरणार होते, म्हणजे पुढच्या वर्षीपासून ओडिलने यायची गरज नाही. "तुमची दगदग वाचेल," डॉक्टर म्हणाल्या होत्या. वाचणार होती खरी. पण त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आज समोरच्या या शिकाऊ पोरीने विचारलं नाही तर कबुतरं कायमचीच पोटात राहायची.

पोरीचं नाव सीलके. हडकुळी, केस वर बांधलेले, कॅमेऱ्याला जराशी बिचकलेली.

"सिगारेट ओढायचात, आजोबा?"

"कधीच नाही. सायकलवरून टपाल वाटायचो मी. फुंकायला हात मोकळा कुठे?"

"घरात ओल? बुरशी?"

"हिच्या राज्यात? बुरशीची काय बिशाद!"

बाकावरून जेर्मेन हसली. सीलकेही हसली, आणि मग तिने हातातला कागद उलटा करून ठेवला.

"टपाल वाटून झाल्यावर उरलेला दिवस काय करायचात?"

ओडिलने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. हुश्श!

मग काय, गडी सुटलाच. रविवारच्या सकाळी रेडिओ सांगायचा, तिकडे फ्रान्समध्ये शर्यतीची कबुतरं सोडली. की सगळं गाव अंगणात, माना वर. चर्चमधून येणारे लोकही आभाळाकडेच बघत यायचे, आणि ते काही देवासाठी नव्हे. कॉफी गार व्हायची, सूप गार व्हायचं, कोणी बोलायचं नाही.

"आणि ती येतात कशी, ठाऊक आहे?" ओडिल पुढे वाकला. दम लागला होता, पण थांबतोय कोण. "नराला आठवडाभर मादीपासून लांब ठेवायचं. टोपलीत घालायच्या आधी नुसती घटकाभर दाखवायची. मग बघ! वाटेत दाणा नाही, पाणी नाही, सरळ घरी. आम्ही त्याला विधुर म्हणतो."

"बिचारा! आणि घरी आल्यावर?"

"आल्यावर ती असतेच की तिथे. ती नसती तर कशाला आला असता?"

खुराडं तो रोज स्वतः खरवडायचा. अंगात खाकी कोट. संध्याकाळपर्यंत तो कोट पिसांच्या भुकटीने पांढरा व्हायचा, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. त्या वासाची आठवण येऊन ओडिलचे डोळे भरून आले.

"छान झालं," डॉक्टर देप्रेज म्हणाल्या. "सापडलं कारण, कबुतरांची धूळ. थांबूया."

सीलके मात्र उठली नाही. "तो कोट धुवायचं कोण?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"मीच की," जेर्मेन बाकावरून म्हणाली. "हा काय धुतोय! आधी मागच्या दारात झटकायचा, खिसे उलटे करायचे, मग पाण्यात. जन्म गेला त्यात. धुरळा नुसता नाकातोंडात." ती हसली, आणि हसता हसता खोकली.

"हा खोकला कधीपासून, आजी?"

"हा होय? हा जुनाच. जिना चढले की जरा वाढतो, इतकंच. त्याचं बघायचं सोडून माझं काय घेऊन बसलीस?"

डॉक्टर देप्रेजनी वळून बाकाकडे पाहिलं. दरवर्षी जेर्मेन याच बाकावर बसायची, त्यांच्याच समोर.

सीलकेने परवानगी मागून जेर्मेनच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. "लांब श्वास घ्या." ओडिल बघत राहिला. त्याची पाठ ऐकताना सगळ्या पोरांचा चेहरा असाच व्हायचा. मान थोडी तिरपी, नजर जमिनीवर. आतून बारीक चरचर ऐकू येते, बुटाचा चिकटपट्टा ओढून उघडल्यासारखी, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्या चेहऱ्यांची तो घरी जाऊन नक्कलसुद्धा करायचा.

सीलकेचा चेहरा तसाच झाला होता.

आपण आधी जाणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. बॉयलर कसा लावायचा, किल्ल्या कुठे, सगळं त्याने तिला शिकवून ठेवलं होतं. ती नसेल तर काय, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

तो खुर्चीच्या हाताला धरून उठला.

"ये, इथे बस."

"अरे, ती तुझी खुर्ची."

"बस म्हणतो ना."

ती बसली, संकोचून, पर्स मांडीवर धरून. ओडिल सिलिंडर ओढत बाकापर्यंत गेला. बाक अजून तिच्या उबेने गरम होता.

"जेर्मेन," तो तिथून म्हणाला, "सगळं सांग त्यांना. विचारायची वाट बघू नकोस."