वाचून पाहिले

"मॅडम, मी चोरलेला नाहीये," मुलगी पुन्हा म्हणाली, आणि बाईंनी पुन्हा स्क्रीन तिच्याकडे वळवली.

स्क्रीनवर लाल आकडा होता, नव्वदीच्या पुढचा. मुलीचा प्रोग्रॅम कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमशी इतका जुळतो, असं त्या आकड्याचं म्हणणं. त्या आठवड्यात बाईंच्या टेबलासमोर असे पुष्कळ जण येऊन गेले होते. कुणाचा पेनड्राइव्ह हरवला होता, कुणाचा मित्र दगाबाज निघाला होता, आणि एका जोडीला तर एकाच वेळी एकच गोष्ट सुचली होती. ओले डोळे बघून बघून बाईंचं काळीज निबर झालं होतं.

"मग आला कुठून हा?"

"बाबांनी शिकवलं मला."

"शिकवलं की लिहून दिलं?"

"शिकवलं. लिहिला मीच. तुम्ही एकदा वाचून बघा ना, मॅडम."

बाई म्हणाल्या, "सकाळी एकीला मामानं शिकवलं होतं, एकाला आतेभावानं. घरोघरी इतके मास्तर असताना आम्हाला पगार कशाला देतात कोण जाणे."

दारात खोळंबलेली मुलं हसली. ही हसली नाही. तिनं बॅग खांद्याला लावली आणि ती निघून गेली. आपला विनोद बरा जमला असं बाईंना तेव्हा वाटलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात त्यांना सगळे 'मायनरच्या बाई' म्हणत. मेजर म्हणजे विभागाची स्वतःची मुलं. मायनर म्हणजे वनस्पतिशास्त्र, इतिहास, संगीत अशा विभागांतून अधूनमधून येणारी पाहुणे मंडळी. ती मोजके पेपर द्यायची, आणि पास झाली की त्यांच्या पदवीवर मुख्य विषयाखाली बारीक अक्षरात कॉम्प्युटर हा शब्द उमटायचा. विभागाचा जीव मेजरवर. मायनरच्या वाट्याला तळमजल्यावरची प्रयोगशाळा, अडखळणारे कीबोर्ड, मेजरवाले जिला म्हातारी म्हणून चिडवत ती प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि बाई. नव्या असताना हे काम त्यांच्या गळ्यात पडलं, ते पडलंच.

सुरुवातीला त्यांनी ते जीव ओतून केलं होतं. भूगोलाच्या मुलाला प्रोग्रॅम कसा शिकवायचा हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. पोराला दुकानात पाठवताना आपण सांगतो तसं यंत्राला सांगा, म्हणायच्या. काय मागायचं, काय घेऊन परत यायचं. प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्यावर तसं एक साधं वाक्य आपल्या भाषेत लिहायलाच लावायच्या. आकडे ठेवायच्या डब्यांना पुस्तकातली एकाक्षरी नावं न देता जुना, नवा, उरलेला अशी नावं. मुलांना ते पटायचं. पुढे एका विभागप्रमुखांनी हा पोरखेळ बंद करा, पुस्तकाप्रमाणे शिकवा, असं बजावलं, आणि बाईंनी मुकाट्यानं बंद केला. भांडायला हवं होतं असं त्यांना पुढे कितीदा तरी वाटलं, पण तेव्हा नोकरी कायम व्हायची होती.

मग मायनरला गर्दी झाली. जो तो कॉम्प्युटर मागू लागला. एकेक प्रोग्रॅम पेन्सिल घेऊन वाचणं बाईंच्या आवाक्याबाहेर गेलं. विभागानं नक्कल पकडणारी यंत्रणा घेतली, तिच्या पोटात कपाटातल्या डिस्कवरचे सगळ्या जुन्या मुलांचे प्रोग्रॅम भरले. ती डिस्क काढून देणाऱ्याही बाईच. आकडा लाल आला की शिक्षकानं दोन्ही प्रोग्रॅम शेजारी उघडायचे, वाचायचे, आणि 'वाचून पाहिले' या चौकटीत खूण करून शून्य द्यायचं, असा नियम होता. सगळ्या लाल नावांपुढे एकदम खूण करायची सोयही होती. बाईंनी ती सोय वापरली. मुलगी टेबलाशी उभी होती, तेव्हाही प्रोग्रॅम त्यांनी उघडला नव्हता. आकडाच तेवढा दाखवला.

निकाल लागून बरेच दिवस झाल्यावर एक गृहस्थ दारात उभे राहिले. अंगात बस डेपोचा शर्ट, हातात टोपी.

"बाई, ओळखलंत?"

इतकी वर्षं शिकवणारा माणूस जे म्हणतो तेच बाई म्हणाल्या, चेहरा ओळखीचा वाटतोय.

"नसेल ओळखलं. मी भूगोलवाला. मागं बसायचो." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "तुमच्या मायनरमुळे डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर बसलो बघा, नाहीतर तिकिटं फाडत असतो. मुलीसाठी आलोय. तिला न सांगता."

त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी वनस्पतिशास्त्राची. बियाण्यांच्या एका संशोधन केंद्रात तिची निवड झाली होती. तिथे कॅमेऱ्यानं बियांची उगवण मोजतात, त्यामुळे कॉम्प्युटरचं मायनर पूर्ण हवं, एवढी एकच अट. शेवटच्या पेपरात शून्य पडलं आणि जागा गेली. दाद मागायची मुदत होती, पण मुलीनं मागितली नाही. ज्यांनी ऐकूनच घेतलं नाही त्यांच्याकडे पुन्हा काय जायचं, म्हणाली. आता एका रोपवाटिकेत कामाला जाते.

"भांडायला नाही आलो, बाई. नेमका कुणाचा चोरला असं निघालं, तेवढं सांगा. म्हणजे बाप म्हणून तिला मी विचारीन तरी."

विषय लवकर मिटावा म्हणून बाईंनी दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी उघडले. दोन्हीकडे डबे तेच. जुना, नवा, उरलेला. प्रत्येक तुकड्यावर एकेक साधं वाक्य. डावीकडच्या प्रोग्रॅमवर जुन्या विद्यार्थ्याचं नाव होतं, पण ते वाचायच्या आधीच बाईंना आपला स्वतःचा आवाज ऐकू आला होता.

गृहस्थ चष्मा लावून पुढे वाकले. "अहो, हा तर माझाच की," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. "तुम्ही अजून जपून ठेवलाय?"

समोरचा माणूस पडद्यावरच्या आपल्या तरुणपणाकडे कौतुकानं बघत राहिला, आणि मग हळूहळू त्याचं हसू मावळलं.

"म्हणजे तिनं माझा चोरला असं धरलंय होय?"

"हो."

"पण माझ्याकडे तो नव्हताच, बाई. जेवणं झाली की टेबल पुसून बसायचो आम्ही दोघं. तुम्ही शिकवलं होतं ते जसंच्या तसं तिला सांगितलं. मला दुसरं येतं काय?"

ते गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं आणि मुलीचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. नोंदी क्रमानं लावायच्या आणि हवी ती शोधून द्यायची, असं काम होतं. बाईंच्या पद्धतीत शेवटी एक खोट राहायची. मागितलेली नोंद नसलीच, तर प्रोग्रॅम तिच्या जवळपासची कुणाची तरी उचलून पुढे करायचा. एखादा विद्यार्थी बोट ठेवायचा, तेव्हा बाई म्हणायच्या, असू दे, मायनरला एवढं चालतं. बापाच्या प्रोग्रॅममध्ये ती खोट तशीच होती. मुलीनं ती काढली होती. वर वाक्यही लिहिलं होतं: नसेल तर नाही म्हणून सांगते, दुसऱ्याची नोंद याची म्हणून देत नाही.

बाईंनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. आपण शिकवलेलं कुणाच्या तरी घरी इतकी वर्षं जिवंत होतं, जेवणाच्या टेबलावर एका पिढीकडून दुसरीकडे गेलं होतं, सुधारून परत आपल्याच दारात आलं होतं. आणि आपण त्याची चेष्टा करून त्याला घालवून दिलं. असा दिवस एखाद्याच शिक्षकाला लाभतो, आणि आपला आपण वाया घालवला, या विचारानं त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. प्रमुख वयानं लहान आणि स्वभावानं गोड. यंत्रणेची तांत्रिक चूक असं लिहू या, म्हणाले, कशाला अंगावर ओढून घेता? बाईंनी मान हलवली. मी न वाचता खूण केली, असंच त्यांनी लिहून दिलं. समितीनं वेळ लावला, प्रश्न विचारले, बाईंना समज दिली. शेवटी मुलीचा निकाल दुरुस्त झाला. बाईंनी त्याच दिवशी संशोधन केंद्रात फोन लावला, स्वतःची चूक सांगितली, गयावया केली. तिकडची बाई सभ्य होती. जागा भरली, आता काही करता येणार नाही, असं तिनं अगदी हळू आवाजात सांगितलं.

रोपवाटिका रस्त्याच्या कडेला होती. हिरव्या जाळीखाली मुलगी पिशव्यांत माती भरत होती. बाईंना पाहून ती उभी राहिली, हात मागे पुसले. बाईंनी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी वाचलाच नव्हता."

"माहितीये, मॅडम. वाचला असता तर तुम्हाला कळलं असतं."

"आता वाचला. शेवटचा तुकडा तुझा एकटीचा आहे. मला इतक्या वर्षांत जमला नाही तो. फार चांगला लिहिलायस तू."

मुलीनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं मातीच्या हातानं नाही, मनगटानं पुसलं.

"तो तुम्हाला दाखवायचा होता मला," ती म्हणाली. "बाबा म्हणत होते, बाईंनी शिकवलंय तसंच राहू दे, हात नको लावू. मी म्हटलं, मॅडमना आवडेल. त्या दिवशी तुम्ही बोलावलंत, तेव्हा त्याच आनंदात आले होते मी."

बाईंनी निकाल बदलल्याचं सांगितलं. मायनर आता पूर्ण धरलंय, पदवीवर तसं छापून येईल, विभागात येऊन घेऊन जा. सांगताना आपलाच आवाज त्यांना पोकळ वाटला.

"घरी पाठवाल?" मुलगी म्हणाली. "बाबांना बरं वाटेल."

मागे एक गिऱ्हाईक दोन रोपं हातात धरून उभं होतं, यातलं सावलीत कुठलं जगेल म्हणून विचारत होतं. बाई वाटेतून बाजूला झाल्या. मुलगी त्या माणसाकडे वळली, त्याच्या घरात ऊन कुठून येतं, किती वेळ राहतं, खिडकी कुठल्या अंगाला आहे, हे सगळं नीट विचारून घेतलं, आणि मगच उत्तर दिलं.