तीन जूनचे सासरे

सकाळचे नऊही वाजले नव्हते आणि खालच्या फाटकापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात माणसंच माणसं होती. टाकीतलं पाणी संपलं की एकमेकांच्या सात पिढ्या बाहेर काढणारी हीच मंडळी आज "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत होती. रांगेच्या वरच्या टोकाला एक दार होतं आणि दाराच्या चौकटीवर मुठीएवढा पांढरा कॅमेरा. प्रत्येक जण त्याच्यासमोर उभा राहायचा, हात जोडायचा आणि वर बघायचा. समोर काही हललं की लाल दिवा लावायचा, एवढंच त्या कॅमेऱ्याला ठाऊक होतं आणि तेवढं तो इमानेइतबारे करत होता. दिवा लागला की लोकांचे डोळे भरून यायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई तर दोनदा रांगेत उभ्या राहिल्या, कारण पहिल्या खेपेला दिवा जरा मंद लागला असं त्यांना वाटलं.

त्या घरची सून औषधाच्या दुकानात कामाला जायची. हल्ली तिला स्वतःच्याच दारातून बाहेर पडताना "जरा सरकता का" असं म्हणावं लागायचं. ज्यांच्या दर्शनाला ही झुंबड उडाली होती ते तिचे सासरे. पोस्टातून निवृत्त झालेले. एप्रिलमध्ये हृदयविकाराने गेले आणि तीन जूनला, सकाळी दहा वाजून चौदा मिनिटांनी, घरी परत आले.

म्हणजे कॅमेऱ्यात तसं दिसत होतं. दारातली छत्री कोणी लांबवली ते शोधायला सुनेचा नवरा फोनवर कॅमेऱ्याची जुनी रेकॉर्डिंग बघत बसला होता. तीन जूनच्या यादीत दूधवाला दिसला, वरची मुलं दिसली आणि दहा चौदाला साक्षात बाबा. आधी अख्ख्या पडद्यावर त्यांचा चेहरा, मग ते मागे सरकून खाली उतरले, जिन्यापर्यंत चालत गेले, वळून कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावली. कोपऱ्यात कोणाचा तरी एक हात दिसत होता, मनगटापुरता. पुढच्याच रेकॉर्डिंगमध्ये, दहा सोळाला, गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. नवऱ्याच्या हातातला फोन खाली पडला. छत्रीचा विषय तिथेच संपला आणि संध्याकाळपर्यंत बातमी चार गल्ल्या ओलांडून गेली.

बातमीच्या मागोमाग सिग्नल महाराज आले. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हे गृहस्थ लोकांच्या गच्च्यांवर डिश बसवून द्यायचे. धंदा बसला तसा त्यांना साक्षात्कार झाला. अंगावर पांढरा झब्बा आला, पण खिशातला टेस्टर काही सुटला नाही. त्यांचं प्रवचन ठरलेलं होतं. आत्मा म्हणजे सिग्नल, देह म्हणजे सेट-टॉप बॉक्स, आणि बॉक्स जळला म्हणून चॅनेल बंद पडतं का? नाही पडत. लोक माना डोलवायचे. सुनेने एकदा विचारून पाहिलं की मग बाबांचा सिग्नल त्या एकाच दिवशी कसा आला, आधी नाही आणि नंतर नाही. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "रेंज."

कोपऱ्यातला तो हात म्हणे वाटाड्याचा होता, पलीकडून सोबतीला आलेला. आवाज का येत नाही, तर आत्म्याला कंठ नसतो. कंठ नसलेल्याला पाय कुठून आले, हा प्रश्न सुनेच्या ओठांवर होता, पण तेवढ्यात नवऱ्याने तिच्याकडे असं बघितलं की ती चहाचं बघायला आत गेली.

महाराज कॅमेरेही देऊ लागले, हात फिरवून सिद्ध केलेले. दोन मेगापिक्सेलवाल्यात आईवडील दिसतात, आजोबांसाठी पाचचा घ्यावा लागतो आणि पणजोबा हवे असतील तर आठच्या खाली नाहीच. ज्यांनी पणजोबांचं नावही ऐकलं नव्हतं ते आठचा घेऊन गेले. मग तक्रारी आल्या. शिंप्याने कॅमेरा खिडकीच्या तोंडावर लावला, तर उजेडापुढे सगळी माणसं काळी ठिक्कर दिसू लागली. महाराज म्हणाले, पूर्वज रागावलेत. लाँड्रीवाल्याच्या कॅमेऱ्यापुढे रात्री पांढरे गोळे उडायचे. दिव्याला येणारी चिलटं ती, पण महाराजांनी त्यात त्याची मावशी ओळखली. एकाचं वायफाय दोन भिंतींच्या पलीकडे पोचेना म्हणून चित्रच बंद पडलं, तर त्याला पेढे वाटायला सांगितलं, कारण आत्म्याला मोक्ष मिळाला होता.

इथवर सगळी गंमतच होती. सुनेचा जीव टांगणीला लागला होता तो सासूबाईंसाठी.

सासूबाईंना काचबिंदू होता. उजवा डोळा जवळजवळ गेलाच होता, डाव्याचं ऑपरेशन करून आहे तेवढी नजर वाचवायची होती. महाराजांनी मात्र सांगितलं की माई, चाळीस दिवस उंबरठा सोडू नका. ते येतील आणि दाराला कुलूप बघतील तर कायमचे माघारी फिरतील. डोळ्यांत औषधाचे थेंबही नकोत, दर्शनाच्या आड पडदा येतो. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. बसल्या त्या बसल्याच. त्यांना रेकॉर्डिंगमधलं धड काही दिसत नव्हतं, नुसते धुरकट डाग. लोक सांगतील ते दिसलं असं त्या मानायच्या. ऑपरेशनची पहिली तारीख हुकली. दुसरी येत्या गुरुवारची होती आणि ही चुकली तर पुढचं मी सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

सून रोज थेंबांची बाटली घेऊन समोर बसायची आणि सासूबाई हाताने बाटली बाजूला करायच्या. सुनेला राग यायचा आणि त्याहून जास्त रडू यायचं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथे काडी धरायला लावणारा काठावर उभा राहून कॅमेरे विकत होता.

मंगळवारी संध्याकाळी तिने ठरवलं, निदान तो लाल दिवा तरी बंद करायचा, म्हणजे गर्दी ओसरेल. तो कसा बंद होतो ते कळेना म्हणून तिने माळ्यावरून कॅमेऱ्याचं खोकं काढलं. सासऱ्यांनी हा कॅमेरा मार्चमध्ये आणला होता. बायकोला दिसत नाही, बेल वाजली की ती कोणालाही दार उघडते, हे त्यांना खात होतं. पंधरा दिवस वहीत रकाने आखून त्यांनी कॅमेरे ताडून पाहिले आणि शेवटी असा निवडला की ज्याचं रेकॉर्डिंग घरातल्याच मेमरी कार्डावर राहतं. आपल्या दारात कोण येतं ते परक्या कंपनीला कशाला कळायला हवं, हे त्यांचं म्हणणं. दोन स्क्रूंसाठी माणूस बोलवायचा नाही, म्हणून भिंतीला पाच भोकंही त्यांनीच पाडली.

खोक्यात सूचनांचा कागद होता आणि त्याच्या समासात सासऱ्यांचं पेन्सिलीतलं टपोरं अक्षर. 'आधी महिना, मग दिवस! काल उलट भरली. आज दुरुस्त केली. ७ मार्च.'

सून खालीच बसली. औषधाच्या दुकानात तिचं कामच तारखा तपासायचं. बाहेरून येणाऱ्या काही खोक्यांवर आधी महिना छापलेला असतो आणि नव्या माणसाची तिथे हमखास फसगत होते. सासऱ्यांनी पोस्टात पस्तीस वर्षं रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलली होती, आधी दिवस, मग महिना. हात तसाच चालला. सहा मार्च म्हणून त्यांनी सहा आणि तीन भरले आणि कॅमेऱ्याने वाचलं सहावा महिना, तीन तारीख. दुसऱ्या दिवशी त्यांनी चूक सुधारली, पण त्या एका दिवसाची रेकॉर्डिंग कार्डावर जूनची म्हणूनच राहिली. कागदावर पुढे हेही लिहिलं होतं की कार्ड भरलं की सगळ्यात जुनी तारीख आधी पुसली जाते. मार्च पुसला गेला, एप्रिल पुसला गेला. जूनची म्हणून नोंदलेली रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या लेखी अजून घडायचीच होती, ती कशी पुसणार?

नवऱ्याला दाखवलं तर तो उखडला. "बाबांची तारीख चुकेल? पस्तीस वर्षांत त्यांचा एक शिक्का चुकला नाही." बाप मेल्यानंतर चालत आला हे त्याला पटत होतं, बापाने एक आकडा उलटा भरला हे पटत नव्हतं. महाराजांना फोन केला तर ते म्हणाले, बघा, त्यांना मार्चमध्येच सगळं ठाऊक होतं. आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं?

बुधवारी सुनेने दुकानातून सुट्टी घेतली. महाराज यायच्या आधी तिने कॅमेऱ्याची तारीख दहा वर्षं पुढे सरकवली. महाराज आले, चौकटीखाली थांबून मोबाइलवर बोलत टेस्टरने पाठ खाजवली आणि आत येऊन बसले. तिने तारीख पूर्ववत केली, खोली माणसांनी भरेपर्यंत थांबली आणि मग फोनवरचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर धरलं.

"हे कोण आहे, महाराज?"

"मी."

"तारीख वाचता का जरा?"

महाराजांनी वाचली आणि चहाचा कप उचलला. सुनेने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की दहा वर्षांनी महाराज आपल्या दारात पाठ खाजवत उभे आहेत आणि आत्ता इथे चहाही पीत आहेत. तेव्हा यातला सिग्नल कोणता आणि बॉक्स कोणता, ते त्यांनीच सांगावं. मग तिने कागद दाखवला, तारीख कशी उलटली ते समजावलं. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. पण महाराज मुरलेले होते. "भविष्यदर्शन," ते म्हणाले, आणि सांगायला लाज वाटते, शिंप्याने लगेच हात जोडले.

सासूबाई दारातल्या खुर्चीवरून हललेल्या नव्हत्या. "तारखा तुम्ही बघा गं," त्या म्हणाल्या. "ते आले होते, मला तेवढं पुरे."

सून हताश झाली. हातातल्या फोनकडे बघताना तिला पहिल्यांदाच जाणवलं की ज्या बाईला दिसत नाही तिला सगळ्यांनी तीन आठवडे फक्त चित्रच दाखवलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात स्पीकरची खूण होती आणि तिच्यावर काट मारलेली होती. रेकॉर्डिंग नेहमी तसंच मुकं उघडायचं. ती काट काढायचं कोणाला सुचलं नव्हतं, तिलाही नाही.

"आईंना दिसत नाही," ती म्हणाली, "निदान ऐकू तरी द्या." आणि तिने खुणेवर बोट ठेवलं.

आधी महाराजच बोलले, मोबाइलवर, कोणा दुकानदाराशी. "अजून वीस पाठव. म्हातारी दारात बसलीये तोवर खपतील, उठली की बाजार उठला." महाराजांनी चहाचा कप खाली ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि वाटाड्याशिवायच जिना उतरले. शिंपी मात्र त्यांच्यामागे धावला, त्याला कॅमेरा परत करायचा होता.

"त्यांचं लाव," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने लावलं. फोनमधून खरखर आली आणि मग सासऱ्यांचा तो नेहमीचा वैतागलेला आवाज. "अगं, स्टूल नीट धर की. मागच्या वेळी सोडलंस."

"धरलंय. उतरा आता. अकराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचायचंय."

"निघूच. आणि आजपासून कोण आलंय ते ऐकल्याशिवाय दार उघडायचं नाही, कळलं?"

पुढे त्यांची पावलं वाजली आणि रेकॉर्डिंग संपलं. सासूबाईंचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला गेला होता. "तो हात माझा आहे," त्या म्हणाल्या. "स्टूल मी धरलं होतं. डोळे पहिल्यांदा तपासले ना, त्याच दिवशी." त्यांनी आणखी दोनदा ऐकायला मागितलं. मग पदराचं टोक तोंडाशी धरून त्या रडल्या, सासरे गेले त्या दिवशी रडल्या होत्या त्याहून मोठ्याने. मुलगा त्यांच्या पायाशी बसून रडला. तीन आठवडे बाप परत आल्याच्या आनंदात त्याला बाप गेल्याचं रडायला सवडच झाली नव्हती.

डोळे पुसून सासूबाईंनी सुनेला विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याची उरलेली नजर वाचली. पण थेंबांशिवाय गेलेल्या तीन आठवड्यांत नजरेचा जो काठ झिजला तो परत आला नाही, येतही नसतो. आता सासूबाईंना बाजूला उभा असलेला माणूस ओळखायला मान वळवावी लागते.

महाराज दुसऱ्या भागात गेलेत आणि तिथे त्यांचं बरं चाललंय म्हणतात. चालणारच. आपण आहोत की. चमत्कार दिसला की हात जोडायला आपल्याला एक पळ पुरतो, आणि हे कधीचं आहे, कोणी टिपलं, आवाज का बंद आहे, असं विचारायला मात्र आपली जीभ जड होते. विचारा. घरातल्यांना विचारा, महाराजांना विचारा, नाही जमलं तर खोक्यातला कागद तरी काढून वाचा. सासऱ्यांनी तो वाचला म्हणून त्यांची चूक एका दिवसात सुधारली. बाकीच्या शहाण्यांनी वाचला नाही आणि त्यांच्या चुकीची भरपाई एका म्हातारीच्या डोळ्याने केली.