आईकडून आलेली चूल

“तू आज ओतू नकोस,” फ्रेम्पोमा दारातच म्हणाली. “मावशीच्या बडूला सांगून ठेवलंय मी. तू हात मांडीखाली घालून गुमान बस.”

दापानं वहाणा काढता काढता थोरल्या बहिणीकडं पाहिलं. अंगावर कडक नवं वस्त्र, त्याचाच पदर दोन्ही हातांवर घट्ट गुंडाळलेला. जणू घानातल्या उकडत्या कुमासीत थंडी पडली होती!

“अक्का, तुझ्या सेर्वाला मागणी घालायला पाहुणे येणार, सख्खा मामा जिवंत, आणि पितरांना घोट ओतणार बडू? लोक तोंडात शेण घालतील.”

“घालू देत. तुझा हात बघून पाहुणे आल्या पावली परत गेले, तर चालेल?”

तिचंही चूक नव्हतं. इथं सोयरीक जुळवताना मुलीच्या आईचं घर आधी खणून काढतात. वेड आहे का, फेफरं आहे का, कुणाचं अंग थरथरतं का. मूल आईच्या घराचं, रक्त आईचं. दापाचा मामा कापत कापतच गेला, तेव्हा घरानं ‘म्हातारपण’ म्हणून वेळ मारून नेली. आता दापाचा उजवा हात उड्या मारायला लागला होता, आणि तो काही म्हातारा नव्हता.

दैव बघा, तो ज्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायचा, तिथं याच रोगावर संशोधन चालू होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट समजावलं होतं: “शरीराच्या कणाकणात बारीक चुली असतात दापा, तंतुकणिका म्हणतात त्यांना. त्या पेटत्या असतात म्हणून मेंदू चालतो. या रोगात त्या विझत जातात. का, ते आम्ही शोधतोय. या चुली आईकडूनच येतात, म्हणून तुमच्या बहिणीचंही रक्त हवंय.”

हा शहाणा तसाच उठला आणि बहिणीला सगळं सांगून आला.

“म्हणजे आपल्या आईनं रोग दिला म्हणतोस?” फ्रेम्पोमा कडाडली होती. “मेलेल्या आईवर आळ घेतोस?” त्यानंतर कित्येक महिने तिनं अबोला धरला.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाचा मामा मोठा गोडबोल्या. “तुमच्या अंगणात एक फूल दिसलं, मालकांना विचारल्याशिवाय कसं तोडायचं!” म्हणत त्यानं श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या पुढं ठेवल्या. हशा पिकला. एक बाटली उघडली. बडू पेला घेऊन उठला.

“बडूमामा, थांबा,” आतल्या दारातून सेर्वा म्हणाली. “माझा मामा ओतेल.”

फ्रेम्पोमा डोळे वटारत होती, पण पोरगी हटेना. दापाचा ऊर भरून आला. हिला त्यानं खांद्यावर बसवून बाजार दाखवला होता. तो उठला, पेला घेतला, आजीचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं. हात उसळला. निम्मा पेला जमिनीवर, निम्मा पाहुण्याच्या वहाणांवर.

“ताप आहे त्याला,” फ्रेम्पोमा घाईघाईनं म्हणाली.

“असं का हो?” पाहुण्यानं थेट दापालाच विचारलं.

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर पोरीचं जमलं असतं. तेवढंच तर करायचं होतं! पण आत्ताच पेला ओतताना गेलेल्या आईला हाक मारून अंगणात बोलावलेलं. ती तिथं उभी असताना खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

“ताप नाही. कंपवात आहे. माझ्या मामालाही होता. आईकडून आला की नाही, ते शोधतायत.”

पाहुणे सभ्य होते. विचार करून कळवतो म्हणाले. उघडलेली बाटली तिथंच राहिली, दुसरी त्यांच्याबरोबर परत गेली.

“झालं समाधान?” फ्रेम्पोमा म्हणाली. “माझ्या लेकराचं वाटोळं केलंस.”

दापा घरी जाताना रस्ताभर रडला.

पुढच्या आठवड्यात तो डाव्या हातानं नळ्या धूत होता. दारात कुणीतरी उभं राहिलं. बघतो तर अक्का!

“पाहुण्यांचा निरोप आला का?” त्यानं भीत भीत विचारलं.

“नाही. कुठं बसायचं?”

“कशाला?”

“रक्त द्यायला, आणखी कशाला? सेर्वा मागं लागलीय, मी पण देते म्हणून. तिला म्हटलं, आधी माझं बघू दे.”

ती खुर्चीत बसली, हातांवरचा पदर सोडला आणि उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा आणि बोट आपसूक एकमेकांवर फिरत होती, मिरीचा दाणा चोळावा तशी. दापानं हे स्वतःच्या हातावर रोज पाहिलं होतं.

“अक्का... कधीपासून?”

“तुझ्याआधीपासून.”

तो शेजारी टेकला आणि तिचा हात आपल्या हातानं दाबून धरला. आता दोन्ही हात मिळून थरथरायला लागले.

“अजिबात हलायचं नाही हं,” नवी नर्स सुई घेऊन म्हणाली.

दोघा भावंडांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि आधी अक्काच फिस्सकन हसली. मग दापा. हसता हसता दोघांच्याही डोळ्यांना धार लागली. नर्स बिचारी सुई धरून थांबून राहिली.