झुरिकहून परत आलेल्या माश्या

विबकेचा राग खोटा नव्हता, एवढं तिच्या बाजूने म्हणायलाच हवं. तीन वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे फोडून तिने फळमाश्यांचा एक वाण हाती आणला होता. माशीच्या डोळ्यात आठवी पेशी एका प्रथिनामार्फत शेजारणीला निरोप देते. तो पोचला की शेजारीण जांभळ्यापलीकडचा प्रकाश पाहणारी सातवी पेशी होते. विबकेच्या माश्यांत निरोप दारापर्यंत येई, पण आत कुणी घेत नसे, आणि ती पेशी मुकाट भिंग घडवायच्या कामाला लागे. आत निरोप नेणारं प्रथिन कोणतं, हे तिच्या नावाने छापून आलं की पक्की नोकरी ठरलेली होती.

नेमक्या त्याच वेळी झुरिकच्या प्रयोगशाळेतल्या रेटोने त्या माश्या मागितल्या.

"दे पाठवून," तिचे प्रयोगशाळाप्रमुख प्राध्यापक क्लूगे केकचा तुकडा मोडत म्हणाले. "मागेल त्याला माश्या द्यायच्या. आपल्यात असंच चालतं."

"आणि त्याने माझ्याआधी छापलं तर?"

"तर अभिनंदन करायचं. एवढ्याशा माश्यांसाठी जीव कसला खालीवर करतेस?"

पक्क्या खुर्चीत बसून उदार व्हायला काय जातं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने साध्या, धडधाकट माश्या नळीत भरल्या, वर आपल्या वाणाचं नाव चिकटवलं आणि पोस्टात टाकल्या.

उन्हाळ्यात माश्यांच्या खोलीत कोळीकीड शिरली. त्या किडीने अंडी ठेवली नाहीत की अळ्या. माश्या काही गोठवून ठेवता येत नाहीत, रोज जगवाव्या लागतात. विबकेचा वाण समूळ गेला.

"तोंड काय पाडून बसलीस?" क्लूगे म्हणाले. "आपण माश्या वाटतो त्या कशासाठी? एकाकडे मेल्या तरी दुसऱ्याकडे असतात. रेटोशी बोललोय मी. बिचारा दुसऱ्याच कामात अडकलाय, तुझ्या माश्या तपासायलाही त्याला फुरसत झाली नाही. पण जगवल्यात हं. सुट्टीवर गेला तेव्हा बायकोला खाणं बदलायला लावलं म्हणे."

विबकेला आपण नळीत भरलेल्या त्या धडधाकट माश्या आठवल्या.

झुरिकहून पार्सल आलं तेव्हा क्लूगेंनी उत्साहाने स्वतःच चाचणी मांडली. नळीच्या एका टोकाला हिरवा दिवा, दुसऱ्याला जांभळ्यापलीकडचा. सातवी पेशी नसलेली माशी हिरव्याकडे जाते. या झाडून साऱ्या दुसऱ्या टोकाला जाऊन चिकटल्या.

क्लूगेंनी नळी उचलून वरचं नाव पुन्हा वाचलं.

"गाढवाने नळ्यांचा घोळ घातला," ते म्हणाले. "माझ्या आयुष्यात मी कुणाला असं बोललो नाही, पण या माणसाला पुन्हा एक माशी पाठवू नकोस. मीही सगळ्यांना सांगतो."

विबकेने मान खाली घातली. "त्याला काय कळवू?"

"कळव, की आमच्या तीन वर्षांची तू माती केलीस."

ती खुर्ची ओढून बसली आणि तिने रेटोला तसंच लिहिलं.